तीन एकर महोगनी: मांजरा खोऱ्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यात मांजरेच्या खोऱ्यातलं हे घर. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही बारकावे बदलले आहेत. थोरले भाऊ आप्पा साठीला टेकलेले. घरची नऊ एकर जमीन तेच कसतात. धाकटे नाना पुण्यात नोकरीला. आप्पांचा मुलगा आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकून गेलेला, त्याच्यामुळं प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

जमीन दोन तऱ्हेची. ओढ्याच्या अंगाला भारी काळी, वरच्या अंगाला मुरमाड पट्टी. एक विहीर, एक बोअर. खरिपात सोयाबीन, त्यात तूर, पाणी राहिलंच तर मागून हरभरा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा या विहिरीनं तळ दाखवला होता. आप्पांच्या बोलण्यात तो उन्हाळा एकदा तरी येतोच.

2021 च्या मे महिन्यात नानांना पुण्यात महोगनीची रोपं विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस भेटला. रंगीत पत्रकावर सगळं छापलेलं होतं: एकरी 500 झाडं, बारा वर्षांत झाडामागं 20 घनफूट लाकूड, एकरी कोटीच्या वर उत्पन्न, आणि माल आम्हीच उचलू असा स्टॅम्प पेपरवरचा करार. झाडाला पाणी कमी लागतं, रोग येत नाही, कुठल्याही जमिनीत येतं. वर बोनस म्हणून बिया मधुमेहावर चालतात आणि पानांच्या वासानं डास पळतात. नानांनी तीन एकरांच्या दीड हजार रोपांची निम्मी रक्कम भरली आणि मग आप्पांना फोन लावला.

घरात वाद होणारच होता, पण नानांना मूर्ख ठरवून मोकळं होणंही बरोबर नाही. सोयाबीनचा भाव आणि मजुरांची वानवा यांनी आप्पा स्वतःच वैतागले होते. एकदा लावायचं आणि बारा वर्षांनी तोडायचं, ही कल्पना त्यांनाही गोड वाटत होती. पैसे आधी भरले, एवढाच त्यांचा राग.

अडचण

आप्पांचा प्रश्न एका ओळीचा होता. "सर, हे झाड आपल्या रानात येतंय का?"

याचं उत्तर हो असंच होतं, आणि तिथंच घोळ होता. महोगनी आपल्याकडं जगते. मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला तिची मोठाली झाडं उभी आहेत आणि विक्रेते त्यांचेच फोटो दाखवतात. पण झाड जगणं आणि त्याच्या खोडाचं विकाऊ लाकूड होणं यांत फार अंतर आहे. रस्त्याकडेचं झाड सावली देऊन मोकळं होतं. त्याला दहाव्या फुटावर दोन फांटे फुटले तरी कुणाचं नुकसान होत नाही. आप्पांना हवं होतं सरळ, जाड, गाठी नसलेलं खोड, आणि तेही बारा वर्षांत. म्हणून लाकडाच्या भावाचं राहू द्या, आधी झाड समजून घेऊ, असं मी सुचवलं.

झाड मुळात कुठलं

पत्रकावरचं झाड म्हणजे मोठ्या पानांची महोगनी, स्विटेनिया मॅक्रोफायला. कडुनिंब आणि बकाणाच्या कुळातलंच, मेलिएसी. मूळ घर दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून खाली बोलिव्हिया आणि ब्राझीलच्या ॲमेझॉनपर्यंत. गंमत म्हणजे या अमेरिकन झाडाचं शास्त्रीय वर्णन जॉर्ज किंग यांनी 1886 साली केलं ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात वाढवलेल्या झाडांवरून. त्यामुळं हे झाड भारतात नवीन आहे हा विक्रेत्याचा दावा सव्वाशे वर्षांनी तरी चुकला.

जंगलात हे झाड 30 ते 40 मीटर जातं, कधी त्याहून उंच. बुंध्याला फळ्यांसारखे आधार फुटतात, आणि खालचा बराच भाग फांदीविना सरळ असतो. एवढं वाचलं की शेतकऱ्याला आपल्या रानात तसेच खांब दिसायला लागतात. पण ते खांब कसे होतात हे पत्रकात नसतं.

महोगनीला ऊन लागतं. दाट सावलीत रोप तग धरत नाही. वादळानं, पुरानं किंवा आगीनं जंगलात मोकळी जागा झाली, की वाऱ्यावर उडत आलेलं पंखवालं बी तिथं रुजतं आणि चहूबाजूंनी वाढणाऱ्या दुसऱ्या झाडांशी चढाओढ करत वर जातं. आजूबाजूची गर्दी बाजूच्या फांद्या मारते, म्हणून खोड साफ राहतं. आणि ही गर्दी असते परक्या जातींची. मोठी महोगनी जंगलात फार विरळ, बऱ्याच ठिकाणी हेक्टरी एकही भरत नाही. एकाच जातीची पाचशे झाडं एका एकरात ही व्यवस्था तिच्या मूळ मुलखात कुठंच नाही.

विरळ असण्याचा फायदा कळतो तो किडीकडं पाहिल्यावर. या कुळातल्या झाडांवर हिप्सिपायला नावाचा पतंग असतो. अमेरिकेत ग्रँडेला ही जात, आपल्याकडं रोबस्टा, जी तुणीच्या झाडावर आधीपासून आहे. मादी कोवळ्या फुटीवर अंडी घालते, अळी शेंड्यात शिरून गाभा खात खाली उतरते. शेंडा वाळतो, त्याखालून दोन-तीन फुटी जोमानं निघतात, आणि सरळ खोडाच्या जागी बेचकी तयार होते. झाड मरत नाही, त्याचं लाकूड मरतं. अळी आत असल्यामुळं वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ही कीड फिजीत नाही, आणि तिथं महोगनीच्या लागवडी यशस्वी होण्यामागं ते एक मोठं कारण मानलं जातं. रोग येत नाही, हे पत्रकातलं वाक्य बहुधा तिकडचं असावं.

पाण्याचं मी आप्पांना वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. महोगनीला तिच्या मुलखात साधारण हजार ते दोन हजार मिलिमीटर पाऊस मिळतो, आपल्याकडं सातशे-साडेसातशे. पण मिलिमीटर राहू द्या, महिने मोजा. तिकडं कोरडा काळ साधारण चार महिन्यांचा. त्या काळात झाड थोडे दिवस पानं गाळून तग धरतं. आपला पाऊस ऑक्टोबरात उठला की थेट जूनमध्ये येतो. म्हणजे सात-आठ महिने कोरडे, त्यात मार्च ते मे चाळिशीपार. या वाढीव महिन्यांचं पाणी विहिरीतून द्यावं लागणार. रोजचे वीस लिटर झाडामागं धरले तर पाचशे झाडांना दहा हजार लिटर, म्हणजे एकराला दिवसाला एक टँकर. तीन एकरांना तीन. आप्पा एवढंच म्हणाले, "2016 ला तर माणसांना नव्हता."

लाकडाचा हिशोब

हा हिशोब आम्ही अंगणात कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला. वखारीत गोल लाकूड मोजायची जुनी पद्धत आहे: घेर फुटात घ्यायचा, चारनं भागायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. बारा फूट सरळ खोड धरलं आणि 20 घनफूट हवे असतील, तर घेर पाच फुटांहून जास्त लागतो. पाच फुटांचा घेर म्हणजे साधारण दीड फुटाहून जास्त जाडी. बारा वर्षांत एवढं व्हायला खोड दरसाल चार सेंटीमीटरनं जाड व्हायला हवं. जंगलात महोगनी वर्षाला एक सेंटीमीटरच्या आतबाहेर जाड होते. चांगल्या जमिनीत, भरपूर पावसात लावलेली त्याच्या दुप्पट जाईल. लागवडीची महोगनी तोडायला तीस-चाळीस वर्षं धरतात, ती उगाच नाही.

तोच हिशोब तीन फूट घेर धरून केला तर झाडामागं पावणेसात घनफूट निघतात. शिवाय एकरी पाचशे झाडं म्हणजे एकेकाला नऊ बाय साडेनऊ फुटांची जागा. ऊन मागणारं झाड तेवढ्या जागेत पाच फुटांचा घेर करणार नाही. मधली निम्म्याहून जास्त झाडं केव्हातरी काढावी लागणार. विरळणी हा शब्द त्या पत्रकात कुठंच नव्हता.

लाकडाच्या भावाबद्दल विक्रेत्यानं अजून एक गोष्ट सांगितली होती, की महोगनीवर जगभर बंदी आहे म्हणून लाकूड सोन्याच्या भावानं जाणार. खरं असं की 2002 साली सायटिस या, धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात अमेरिकेतल्या महोगनीचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश ठरला आणि 2003 पासून तो लागू झाला. त्यानं व्यापारावर परवान्यांचं नियंत्रण आलं; बंदी नाही, आणि आपल्या बांधावरच्या झाडाला ते लागूही नाही. जुन्या जंगली झाडाच्या लालसर गाभ्याला जो भाव येतो, तो बारा वर्षांच्या फिकट लाकडाला मिळेल असं कुणी गृहीत धरू नये.

पर्याय

पहिला पर्याय नानांचा: पैसे भरलेत, तीन एकर लावून टाकू. दुसरा आप्पांच्या मुलाचा: भरलेले पैसे सोडून द्यायचे, एकही रोप आणायचं नाही. कागदावर हा सगळ्यात स्वस्त होता. माझं मतही त्याच बाजूचं होतं, पण पैसे माझे नव्हते.

मधले पर्यायही निघाले. मुरमाड पट्टीत केशर आंबा किंवा सीताफळ. मराठवाड्याचा केशर आणि बीडचं सीताफळ दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, बाजार ओळखीचा आहे, आणि सीताफळ तर दोन पाऊस चुकले तरी मरत नाही. बांधावर साग लावावा असं आप्पांच्या मनात होतं. फक्त साग तोडताना 1964 च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी लागते, हे त्यांना शेजाऱ्याच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक. बांबूचा विषय निघाला आणि पाण्यावर येऊन थांबला.

ठरवण्याआधी एक गोष्ट केली, ती मला या प्रकरणात सर्वांत उपयोगाची वाटते. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर दोन्ही रानांत तीन-तीन फूट खोल खड्डे घेतले आणि बादल्यांनी काठोकाठ भरले. मुरमाडातला खड्डा दिवस मावळायच्या आत रिकामा झाला. काळ्यातल्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही पाणी होतं, कडेची माती लोण्यासारखी हाताला येत होती, आणि तळाशी चुनखडीचे पांढरे खडे दिसत होते. हीच माती एप्रिलमध्ये हात जाईल एवढी भेगाळते आणि भेगेत आलेल्या बारीक मुळ्या तुटतात. पावसाळ्यात मुळांचा श्वास कोंडायचा आणि उन्हाळ्यात तीच मुळं तोडायची, असं रान. खालच्या अंगाला एकही रोप नको, हे त्या दोन खड्ड्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

काय केलं

तडजोड अशी ठरली की दीड हजारांऐवजी सातशे रोपं घ्यायची, बाकी रकमेचा दावा सोडायचा, आणि वरची पट्टी व बांध एवढंच लावायचं. पण जुलैत गाडी दारात आली आणि हिशोब बदलला. पट्टीत अडीचशे बसली, बांधावर शंभर. उरलेल्या साडेतीनशेंचं काय? नाना फोनवर म्हणाले, "पैसे दिलेत, टाकू नका, खाली लावा." आणलेलं रोप मरू द्यायला शेतकऱ्याचा हात होत नाही. ती साडेतीनशे काळ्या रानात गेली, चांगल्या दीड फूट खोल खड्ड्यांत, शेणखत घालून. कष्टात कसूर नव्हती. जागा चुकली.

पट्टीत ओळींच्या मध्ये तूर घेतली. बाजूची सावली मिळाली तर शेंडा पोखरणाऱ्या अळीचा त्रास थोडा कमी होतो, असं अनुभवी लोक सांगतात. तूर पुरुषभर वाढते आणि तिचे पैसेही होतात. ड्रिप फक्त पट्टीला टाकलं.

2022 च्या पावसाळ्यात अळी आली. मुलानं पाठवलेल्या फोटोत शेंड्याच्या बेचक्यात तपकिरी भुसा जाळ्यात अडकलेला होता, आणि वरची चार पानं माना टाकून. ब्लेडनं शेंडा उभा चिरला तेव्हा आत बोटाच्या पेराएवढी अळी निघाली. त्यानंतर दर पंधरवड्याला फेरी मारायची, भुसा दिसला की हिरव्या भागापर्यंत शेंडा छाटायचा, नवीन फुटींतली एक सरळ ठेवून बाकी नखानं खुडायच्या, हे काम मुलानं अंगावर घेतलं. पट्टीत हे झालं. खालच्या रानात चिखलात कोण जाणार, म्हणून तिकडं झालं नाही.

त्याच वर्षी दुसरा प्रकार उघडा पडला. आली तेव्हा रोपं फूटभर होती, बऱ्याचशांना साधी, एकेकटी पानं. त्या वयात ओळख पटत नाही. वर्षानं संयुक्त पानं, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेली पानं, आली तेव्हा दोन तऱ्हा दिसल्या. एकीची पर्णिका टोकदार, किंचित विळ्यासारखी वळलेली, आणि तळाशी एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली. ही महोगनी. दुसरीची पर्णिका लांबट, टोकाला बोथट, तळाशी दोन्ही बाजू जवळपास सारख्या, पाठीमागून फिक्कट. ही खाया, आफ्रिकन महोगनी, खाया सेनेगालेन्सिस. कूळ तेच, पण पश्चिम आफ्रिकेतल्या गवताळ, कोरड्या मुलखातलं झाड. पाच-सहा महिने पाऊस नसलेला त्याला चालतो. चार रोपांमागं एखादं खायाचं निघालं. विक्रेत्यानं भेसळ केली ती त्याच्या सोयीनं, आणि कोरड्या रानाला नेमकी तीच मानवली.

परिणाम

2023 च्या ऑगस्टमध्ये पाऊस असा दडला की देशात 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आधी जनावरांना, मग पट्टीला. खालच्या साडेतीनशेंपैकी तोवर निम्मी गेलेली होती: पानं पिवळी, बुंध्याची साल काळी, ओढलं की मुळासकट हातात. उरलेल्यांपैकी बहुतेकांवर 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत ओढ्याचं पाणी चढलं आणि दिवसचे दिवस हललं नाही. ते रान आता पुन्हा सोयाबीनला मोकळं केलंय.

पट्टीतली दोनशेच्या वर झाडं उभी आहेत. चार वर्षांनी छातीइतक्या उंचीवर चांगल्या झाडाचा घेर दहा इंचांच्या आसपास भरतो. पत्रकाच्या वेगानं तो वीस इंच हवा होता. निम्म्यांना अळीच्या खुणा आहेत, पण छाटणीमुळं बऱ्याचशांचं खोड आठ-नऊ फुटांपर्यंत एकच राहिलंय. बांधावरची कुणी छाटली नाहीत, ती झाडूसारखी झालीत. आप्पांची म्हैस त्यांच्या सावलीला असते. खाया पाणी तोडल्यावरही कमी कोमेजल्या. तुरीमुळं अळी कमी झाली का, हे एका रानावरून कुणी सांगू नये.

कंपनीचा फोन 2022 पासून लागत नाही. कराराचा स्टॅम्प पेपर कपाटात आहे, त्यावर पत्ता पुण्याचाच आहे, आणि नाना तिथं जाऊन आले तर तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

वेगळं काय करता आलं असतं

पैसे भरण्याआधी दोन खड्डे. एवढंच पहिलं. त्याला ना तज्ज्ञ लागतो ना प्रयोगशाळा, आणि माती तपासायचीच तर परभणीचं कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहेच. पावसाळ्यातला खड्डा जे सांगतो ते पत्रकात कधीच नसतं.

दुसरं, गाडी दारात आल्यावरचा तो निर्णय. माझ्या मते प्रकरण तिथं फिरलं. साडेतीनशे रोपं शेजाऱ्यापाजाऱ्यांना, शाळेला, रस्त्याकडेला वाटून टाकली असती, तर रोपांचे पैसे तसेही गेलेलेच होते. वाचले असते ते खड्ड्यांचे, खताचे आणि एक एकर रानाचे चार हंगाम. रोपाची किंमत डोळ्यांसमोर असते, हंगामाची नसते.

रोपं घेताना संयुक्त पान आलेली, निदान दोन-अडीच फुटांची मागायला हवी होती. पर्णिकेचा तळ पाहायला पाच सेकंद लागतात. आणि विक्रेत्याला त्याच्याच लागवडीतलं, कापलेलं, मोजलेलं, विकलेलं एक झाड दाखव म्हणायला हवं होतं. आपल्या कोरड्या पट्ट्यातलं, कोकणातलं किंवा केरळातलं नव्हे. तरी इथं एक गोष्ट दुसऱ्या बाजूनंही सांगतो. पट्टीत सगळीच्या सगळी खाया लावली असती, तीही विरळ आणि तुरीसोबत, तर हा प्रयोग वेडेपणाचा ठरला नसता. विदेशी म्हणून झाड वाईट होत नाही. आपल्या बांधावरचं सीताफळही मूळ अमेरिकेचंच.

सध्या

पट्टीच्या उरलेल्या तुकड्यात अर्धा एकर सीताफळ लावलंय. महोगनीत आता विरळणीची वेळ आली आहे. वाकडी, फांटे फुटलेली आणि दबलेली झाडं काढली तर उरलेल्यांना जागा आणि पाणी दोन्ही मिळेल. मुलानं अशा ऐंशी झाडांना चुन्याचा पट्टा मारून ठेवलाय. आप्पांना ते पटतं, पण हात उठत नाही. नाना अजून झाडं मोजतात, घनफूट मोजत नाहीत. दोनशेतली ऐंशी गेली की त्यांच्या लेखी भांडवलच गेलं. दिवाळीला दोघं भाऊ एकत्र होते, तेव्हा विषय निघाला आणि मिटला नाही. पट्टे मारलेली झाडं उन्हाळ्याआधी काढायची का, हे पाणी किती राहतं त्यावर फेब्रुवारीत ठरवू, एवढ्यावर सध्या थांबलंय.